बॉयलरची नोंदवही, चौथा आठवडा: धुराचं तापमान वाढलं आणि मी खूश झालो

मंडळी, मागच्या नोंदीत आकडे दिले होते, ते आधी परत सांगतो. घर गरम ठेवणारा, ऑइलवर चालणारा जुना बिडाचा बॉयलर, नोझल (तेल फवारणारी तोटी) तासाला 0.75 गॅलनचं, तेलाचा पंप 10 बारवर. चिमणीकडे जाणाऱ्या पाइपात धूर 255 अंश, खोलीतली हवा 15, कार्बन डायऑक्साइड 9.5 टक्के. सीगर्टच्या सूत्रात घातलं (आधी 0.5 भागिले कार्बन डायऑक्साइड, त्यात 0.007 मिळवायचे, मग या बेरजेला तापमानातल्या फरकाने गुणायचं) की धुरावाटे जाणारी उष्णता येते 14.3 टक्के.

पहिलं काम सगळ्यांना ठाऊक असलेलं, ब्रशिंग. दोन तास, अर्धी बादली काजळी आणि एक कायमचा वाया गेलेला शर्ट. धूर 195 वर आला, तोटा 10.7. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांनी अजून ब्रश फिरवलेला नाही त्यांनी ॲनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) विकत घेण्याच्या गप्पा करू नयेत, एवढंच.

खरी गंमत पुढे झाली. धुरात कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितकी फुकट तापवलेली जादा हवा कमी. डिझेलसारख्या हलक्या तेलाला कार्बन डायऑक्साइड 11-12 च्या आसपास मिळायला हरकत नसते, म्हणून मी हवेचं शटर थोडं थोडं बंद करत गेलो. 10.2 झालं आणि धुराचा कागद काळवंडला. हातपंपाने दहा वेळा धूर ओढला, तर पांढऱ्या कागदावर राखाडी गोल उमटला. बॅकरॅकच्या पट्टीवर (काजळीच्या छटांची, 0 स्वच्छ ते 9 काळी) तो सरळ 4 शी जुळला. आधी 1 होता. आता 10.2 म्हणजे धुरात ऑक्सिजन अजून 7 टक्के शिल्लक. एवढी हवा असताना ज्योत गुदमरते कशी? नोझल बदललं, इलेक्ट्रोडमधलं अंतर तपासलं, सक्शनच्या नळीत बुडबुडे येतात का तेही पाहिलं. सगळं ठीक. रविवार फुकट गेला.

मग डोक्यात आलं की मी मोजतोय तिथली हवा आणि ज्योतीला मिळणारी हवा एकच आहे असं गृहीत धरून चाललोय. शटर जुन्या खुणेवर आणलं आणि ज्योत बघायच्या भोकातून, थेट दहनकक्षाच्या वरच्या भागातून नमुना घेतला. तिथे 11.5! पाइपात 9.5. म्हणजे मधे कुठेतरी बाहेरची हवा आत शिरत होती. ज्योतीला हवा बेताचीच, आणि पाइपातला आकडा मला सांगत होता, अजून आवळ, अजून आवळ.

भोक शोधायला मेणबत्ती पुरली. बर्नर चालू ठेवून सांध्यांवरून ज्योत फिरवली. वरच्या सफाईच्या झाकणापाशी, डाव्या कोपऱ्यात, ती आडवी होऊन आत ओढली गेली. झाकण उघडलं तर सीलची दोरी दगडासारखी कडक, एका बाजूला दबलेलीच नाही. बहुधा ब्रशिंगनंतर मीच झाकण वाकडं बसवलं असेल असं आधी वाटलं. पण ब्रशिंगच्या आधीही पाइपात 9.5 च होतं. तेव्हा दोष दोरीचा. (मला बरं वाटलं.)

नवी दोरी बसवली. पाइपातही 11.5 आलं आणि धूर 195 वरून 227 वर चढला. क्षणभर पोटात गोळा आला. पण सूत्रात घालून बघा: तोटा तोच, 10.7. गार हवा धुरात मिसळून तापमान खोटं खोटं कमी दिसत होतं. बॉयलरमधले धुराचे मार्ग संपल्यावर शिरणारी हवा उष्णता फारशी पळवत नाही, ती फक्त आपल्याला फसवते. आता 227 हा खरा आकडा हातात होता आणि तो सांगत होता की या बॉयलरला ज्योत मोठी पडतेय.

म्हणून नोझल 0.60 चं, फवाऱ्याचा कोन तोच. 10 बारला तासाला 3.4 लिटरऐवजी 2.7 लिटर तेल जळतं. शटर नव्याने लावलं. धूर 190, कार्बन डायऑक्साइड 11.5, कागद जवळजवळ स्वच्छ, तोटा 8.8. अजून खाली न्यायचा मोह होतो, पण माझी चिमणी विटांची आहे. धूर फार गार झाला की आत ओल धरते आणि गंधकाचं आम्ल विटा खातं.

सोबत थर्मोस्टॅटचा फरक (बर्नर बंद झाल्यावर पाणी किती अंश उतरलं की तो परत पेटतो) 5 अंशांवरून 12 केला. साधारण सारख्याच थंडीच्या दोन दिवसांची तुलना: आधी 62 वेळा पेटला, एकूण 3.9 तास, 13.3 लिटर. आता 27 वेळा, 4.4 तास, 12 लिटर. पूर्वी दर खेपेला चार मिनिटंही जळत नव्हता, आता जवळपास दहा. दोन दिवसांवरून छाती फुगवणार नाही, पण दिशा बरोबर दिसते.

एक विनवणी: हवा आवळायचे प्रयोग कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय करू नका. पंपाच्या दाबाचा स्क्रूही गेज जोडल्याशिवाय फिरवू नका.

आता अडलंय ते परतीच्या पाण्यावर, म्हणजे घरात फिरून बॉयलरकडे परत येणाऱ्या पाण्यावर. पहाटे पहिली काही मिनिटं ते 40-42 वर असतं, आणि तेलाच्या धुरातली वाफ साधारण 47 च्या खाली बिडावर घाम धरते. पुढच्या शनिवारी मिश्रणाची झडप (परतीच्या पाण्यात बॉयलरचं गरम पाणी मिसळणारी) बसवायला घेतोय. कुणी बसवली असेल तर ती परतीच्या नळीवर बॉयलरपासून किती अंतरावर ठेवली ते लिहा.