कॅमेरा हातात यायला किती हालचाली लागतात? बॅग निवडण्याआधी हे मोजा

कॅमेरा बॅग घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: किती लिटरची आहे आणि लेन्स किती मावतात. हे दोन्ही प्रश्न सामान भरण्याचे झाले. सामान बाहेर काढायचं कसं, हे कुणी विचारत नाही, आणि फोटो चुकतो तो नेमका तिथेच. पक्षी फांदीवरून उडायच्या आत कॅमेरा डोळ्याला लागणार की नाही, हे ठरतं ते कॅमेऱ्याची ग्रिप (पकडायचा उंचवटा) मुठीत येईपर्यंत आपल्याला किती हालचाली कराव्या लागतात त्यावर. या हालचाली अगदी बोटांवर मोजता येतात.

पुढच्या बाजूने उघडणारी नेहमीची सॅक घ्या. छातीचं बकल सोडा, कंबरेचं सोडा, एक हात बाहेर, मग दुसरा, सॅक जमिनीवर आडवी, चेन तिन्ही बाजूंनी फिरवा, झाकण उलटा, कॅमेरा उचला. आठ हालचाली झाल्या, आणि काम झाल्यावर तेवढ्याच उलट्या क्रमाने. स्लिंगला, म्हणजे एका तिरक्या पट्ट्याने पाठीवर अडकवायच्या बॅगेला, तीन लागतात: पाठीवरून पोटाकडे ओढा, चेन उघडा, कॅमेरा उचला. शोल्डर बॅग आधीच कंबरेशी लटकलेली असते, त्यामुळे झाकण आणि हात, एवढंच.

मग सगळ्यांनी शोल्डर बॅगच का घेऊ नये? कारण वजन. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, साधारण ७०० ग्रॅम, २४-७० एफ २.८ झूम लेन्स ७०० ते ९०० ग्रॅम, लांबचं टिपणारी ७०-२०० एफ २.८ एक ते दीड किलो. फ्लॅश, बॅटऱ्या आणि चार्जर धरले की तीन किलो सहज ओलांडले जातात, वर बॅगेचं स्वतःचं वजन. हे सगळं एका खांद्यावर दिवसभर वाहिलं की संध्याकाळपर्यंत मान आखडते. आणि मान आखडली की माणूस बॅग कुठेतरी बाजूला ठेवून देतो, म्हणजे जलद हाताशी येण्याचा सगळा फायदा गेला. माझ्या मते स्लिंग किंवा शोल्डर बॅगेत एक बॉडी आणि दोन लेन्स ही मर्यादा पाळावी. त्याहून जास्त सामान रोज न्यायचं असेल तर सॅकच बरी, फक्त ती बाजूने किंवा पाठीकडून उघडणारी हवी.

बाजूने उघडणाऱ्या सॅकचं तंत्र नीट समजून घ्या, कारण ‘साइड ॲक्सेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सॅक प्रत्यक्षात तशा चालत नाहीत. उजवा हात पट्ट्यातून काढायचा, सॅक डाव्या खांद्यावरच ठेवून काखेखालून पुढे ओढायची. ती पोटासमोर आडवी होते आणि पट्ट्याची बाजू, म्हणजे सॅकची डावी कड, वर येते. त्यामुळे दार डाव्या कडेलाच हवं. दार उजवीकडे असेल तर सॅक उजव्या खांद्यावर लटकवून फिरवावी लागते आणि कॅमेरा डाव्या हाताने काढावा लागतो. ग्रिप उजव्या हातासाठी बनवलेली असल्याने मग हातातल्या हातात बदलाबदली आली. दोन्ही बाजूंना दारं असतील तर उत्तम, नाहीतर डावं दार निवडा. कॅमेरा आत ठेवतानाही ग्रिप दाराकडे हवी. दार उघडल्यावर आधी लेन्स हाताला लागत असेल तर मांडणी उलटी झाली आहे.

या प्रकारात दोन अडथळे हमखास येतात. पहिला कंबरपट्टा. तो बांधलेला असताना सॅक काखेखालून फिरतच नाही, दर वेळी सोडावा लागतो. जड सॅकला कंबरपट्टा लागतो, आणि कंबरपट्टा असला की बाजूचं दार मंदावतं. हे गणित कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. दुसरा अडथळा ट्रायपॉड. तो दाराच्या बाजूच्या खिशात लावला तर दार बंद, आणि दुसऱ्या बाजूला लावला तर पाण्याची बाटली दाराकडे येते. बाटली काढून मगच दार उघडणार असेल, तर एक हालचाल वाढली असं धरा.

जड सामानासाठी मला पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक जास्त पटते, पण तिचा कंबरपट्टा भक्कम हवा. दोन्ही हात पट्ट्यांतून काढायचे, कंबरेचं बकल लावलेलंच ठेवायचं आणि सॅक कंबरेभोवती फिरवून पुढे आणायची. पाठीला लागणारा भाग आता आपल्याकडे तोंड करून उघडतो आणि पोटासमोर टेबल मांडल्यासारखं होतं. जमीन ओली असो, चिखल असो, सॅक खाली ठेवावीच लागत नाही. ठेवली तरी बाहेरची बाजू मातीला लागते, पाठ कोरडी राहते. शिवाय रेनकव्हर चढवलेलं असतानाही दार मोकळं असतं. पुढून उघडणाऱ्या सॅकचं कव्हर आधी सोलावं लागतं, तेही नेमकं पाऊस पडत असताना. गर्दीत हे दार पाठीला टेकलेलं असल्याने मागून कुणाचा हात जात नाही, हा फायदा वेगळाच. वेग मात्र बाजूच्या दारापेक्षा कमी. उभ्या उभ्या लेन्स बदलणाऱ्यांसाठी ही सॅक आहे. चालता चालता एकच फोटो टिपणाऱ्याने स्लिंग घ्यावी.

लेन्स बदलण्याचं काम जिथे सतत असतं, म्हणजे लग्न, कार्यक्रम, खेळाचे सामने, तिथे कॅमेरा बॅगेत नसतोच, तो गळ्यात असतो. तिथली बॅग दुसऱ्या लेन्ससाठी असते आणि तिचा कस लेन्स बदलतानाच लागतो. शोल्डर बॅगेचं झाकण कुठल्या बाजूला बिजागरलेलं आहे ते आधी बघा. ते अंगाच्या बाजूला बिजागरलेलं असेल तर दर वेळी आपल्या आणि सामानाच्या मध्ये उभं राहतं. अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला पडणारं झाकण हवं, म्हणजे हात सरळ आत जातो.

आत एक कप्पा कायम रिकामा हवा. कॅमेऱ्यावर जी लेन्स लावलेली आहे, तिचं ते घर. समजा कॅमेऱ्यावर २४-७० आहे आणि ७०-२०० बॅगेत उभी आहे, मागची कॅप (कॅमेऱ्याला जोडायच्या टोकावरचं झाकण) वर करून. ती कॅप आतल्या आत सैल करून ठेवायची, काढायची नाही. कॅमेरा बंद करून त्याचं तोंड खाली धरायचं, २४-७० सोडवून तिच्या रिकाम्या घरात माउंट, म्हणजे जोडायचं टोक, वर करून ठेवायची. ७०-२०० वरची सैल कॅप उचलून लगेच २४-७० वर बसवायची आणि मोकळी झालेली ७०-२०० बॉडीवर चढवायची. कॅप खिशात जात नाही, दातात धरावी लागत नाही, बॉडी उघडी राहते ती जेमतेम दोन-तीन सेकंद. मागच्या कॅपवर पांढऱ्या पेनने फोकल लेंग्थ (२४-७० सारखा आकडा) लिहायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण या पद्धतीत कॅप लेन्सवरून लेन्सवर फिरत असल्याने तो आकडा खोटा ठरतो. आकडा कप्प्याच्या कडेवर टेप लावून लिहा. घर बदलत नाही.

सगळे कप्पे सारखेच खोल असतात, लेन्स मात्र कमी-जास्त उंचीच्या. डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) ७०-२०० एफ २.८ जवळजवळ २० सेंटिमीटर उंच असते, ५० एफ १.८ सारखी छोटी लेन्स विहिरीत पडल्यासारखी तळाला जाते आणि बोटं तिथे पोचत नाहीत. तळाला जाड फोमचा तुकडा घालून तिची कॅप इतरांच्या पातळीला आणा. पार्टिशन किती आवळायचं याचंही माप आहे: लेन्सभोवती बोटाचं अर्धं पेर जागा राहावी. घट्ट केलं तर लेन्स ओढताना पार्टिशनचा वेल्क्रोही सुटून वर येतो; सैल ठेवलं तर लेन्स तिरकी होऊन शेजारच्या लेन्सच्या हूडवर (पुढच्या आडोशावर) आपटत राहते.

हूडचा विचार बॅग मापतानाच करा. हूड उलटा लावला की लांबी वाचते, पण वापरताना तो काढून सरळ लावणं म्हणजे आणखी दोन हालचाली. बॉडी, २४-७० आणि सरळ लावलेला हूड मिळून लांबी २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. ही लांबी घरी टेपने मोजून, बॅगेच्या आतल्या मापाशी ताडून बघा. बॅगेवर छापलेलं माप बाहेरचं असू शकतं. कॅमेरा लेन्स खाली करून उभा ठेवायच्या बॅगेत बॉडीच्या दोन्ही खांद्यांना पार्टिशनचा आधार द्या आणि लेन्सचं तोंड तळापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर तरंगत ठेवा. नाहीतर बॅग जमिनीवर टेकली की सगळा धक्का माउंटला.

आता चेन. जलद बॅग आणि वैताग देणारी बॅग यांतला फरक कितीदा इथेच असतो. कोपरा काटकोनात वळत असेल तर रनर तिथे अडकतो आणि दुसरा हात लावावा लागतो. गोल, रुंद वळण हवं. मऊ कापडाच्या बॅगेत चेन ओढली की कापडही सोबत येतं, म्हणून चेनच्या सुरुवातीला दुसऱ्या हाताने किंवा करंगळीने धरायला छोटा लूप आहे का ते बघा. पाणी आत न जाणारी लेप दिलेली चेन नवी असताना फार घट्ट ओढते; तशी चेन वारंवार उघडायच्या दाराला नको, आतल्या खिशांना चालेल. रनरची धातूची टोकं काढून त्याजागी पाच सेंटिमीटर दोरीचे फासे बांधा. हातमोज्यांतही सापडतात, वाजत नाहीत आणि बॉडीला ओरखडे पाडत नाहीत.

मुख्य झाकणाला वेल्क्रो असेल तर शांत सभागृहात किंवा प्राण्यापासून काही अंतरावर त्याचा फर्रकन आवाज सगळ्यांनाच ऐकू जातो. तो झाकायची सोय नसेल तर ती बॅग तिथे कामाची नाही. चुंबकी बकल एका हाताने उघडतं आणि जवळ नेलं की आपणहून बसतं, म्हणून मला ते सगळ्यात आवडतं. पण नुसत्या चुंबकावर बॅग सोपवू नका, खाली चेन हवीच: थांबलेलं असताना चुंबक, चालताना चेन.

अस्तर फिकं हवं. काळ्या अस्तरात काळी कॅप आणि काळी लेन्स संध्याकाळी चाचपडत शोधावी लागते. राखाडी, पिवळं, नारिंगी, कुठलंही चालेल. मेमरी कार्डांसाठी चेनचा खिसा हवा, उघडा कप्पा नको. रिकामं कार्ड लेबल वर, भरलेलं लेबल आत, असा एकदा ठरवलेला नियम मोडू नका. बॅटऱ्यांचंही तसंच.

कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा हा वेगाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. तो चेनमध्ये अडकतो, पार्टिशनखाली जातो, कॅमेरा उचलताना शेजारची लेन्सही ओढून आणतो. पट्टा लेन्सभोवती गुंडाळू नका, सोडवायला वेळ जातो. त्याची घडी करून ग्रिपच्या विरुद्ध बाजूला खोचा, किंवा चटकन सुटणाऱ्या कड्यांचा पट्टा लावून तो वेगळ्या खिशात ठेवा.

विकत घेण्याआधी स्वतःचं सगळं सामान घेऊन जा आणि बॅग तिथेच भरा. थंडीत वापरणार असाल तर जाकीट घालून बॅग चढवा, कारण जाडजूड बाहीवरून स्लिंग फिरत नाही. मग बॅगेकडे न बघता दहा वेळा कॅमेरा काढा आणि ठेवा. पाचव्या वेळेनंतरही हात चुकत असेल तर आधी पार्टिशनं बदलून बघा. तरीही चुकत असेल तर ती बॅग सोडा. शेवटी एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने बॅग बंद करून बघा. हे न जमणारी बॅग फोटो काढताना कायम उघडी राहते आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर लेन्स बाहेर घरंगळते. तशी घरंगळते का हे बघायला बॅगेत लेन्सऐवजी त्याच आकाराची बाटली ठेवा, झाकण फक्त पाडून ठेवा, चेन लावू नका, आणि एकदा पूर्ण वाकून बघा.