तुम्ही विचारलंत म्हणून: जुने विणकर हातचं राखतात का?

सोलापुरातले तरुण कारखानदार आणि आयटीआय करून आलेली पोरं हे सारखं विचारतात. आमचं उत्तर असं, की बहुतेक अण्णा, म्हणजे हे जुने विणकर, राखत काहीच नाहीत. त्यांना शिकवणं परवडत नाही. मजुरी नगावर. पोराला दाखवण्यात अर्धा तास गेला की तेवढा माल कमी निघतो आणि आठवड्याच्या हिशेबात तो कापला जातो. तेव्हा आधी मालकानं शिकवण्याच्या वेळेची मजुरी त्या विणकराच्या नेहमीच्या सरासरीनं धरावी. नुसतं ‘अण्णा, पोराला जरा सांगा’ म्हणणं हा अन्याय आहे.

मग प्रश्न नीट विचारायचा. ‘टॉवेल कसा विणायचा?’ याला उत्तर मिळत नाही. ‘आत्ता वजन का सरकवलंत?’ याला मिळतं.

वजनाच्या ब्रेकवर चालणाऱ्या साध्या टॉवेल-मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या तारा गुंडाळलेले रूळ, असतात; दांड्यावरचं वजन लूपच्या बीमचा ब्रेक दाबून धरतं. जमिनीचा, म्हणजे कापडाच्या पायाचा, ताणा कडक; लूपचा, म्हणजे टॉवेलवरच्या वेटोळ्यांचा, सैल. दोन बाणे, म्हणजे आडव्या तारा, विणलेल्या कापडाच्या थोडे अलीकडे थांबतात. तिसऱ्याला फणी (बाणा ठोकणारी कंगव्यासारखी चौकट) तिन्ही एकदम पुढे ठोकते आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. आता लूपचा बीम रिकामा होत जातो तसा त्याचा व्यास घटतो. ब्रेक तेवढाच ठेवला तर तारेवरचा ताण वाढतो, लूप आखूड पडतात. अण्णा कापडावर तळहात फिरवतात आणि दांड्यावरचं वजन बोटभर सरकवून ब्रेक सैल करतात. विचारलंत तर ‘बीम उतरला’ एवढंच सांगतील, तेही बहुधा तेलुगूत. यामागचं गणित पोराला येतं. त्यानं बीम भरलेला, निम्मा आणि संपत आलेला असताना व्यास मोजावा, त्या त्या वेळची वजनाची जागा दांड्यावर रंगानं आखावी, शेजारी सुताचा नंबर, म्हणजे ते किती जाड-बारीक, लिहावा. सूत किंवा लूपची उंची बदलली की या खुणा निकामी, हेही तिथंच लिहावं.

उलट बाजूनंही हेच. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, फाइल पोरगा बनवतो, पण चादरीत तार कुठं फार लांब मोकळी सुटेल आणि धुताना अडकून ओढली जाईल, हे अण्णांची नजर पकडते. फाइल मागावर चढवण्याआधी डिझाइनची एक पूर्ण आवृत्ती मोठ्या कागदावर छापा, अण्णांच्या हातात लाल पेन्सिल द्या, आणि दुरुस्ती त्यांना शेजारी बसवूनच करा.