गेम भाषेवरून फुटला का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि आता शेवटचं म्हणून. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाचजणांनी केलेला गेम मराठी-कानडी वादात बुडाला, हे खरं का?

नाही. 1956 पासूनचं भांडण आमच्या फोल्डरमध्ये कशाला घुसवता?

गेम साधा होता. दिवाळीत गल्लीतली पोरं करतात तसा किल्ला करायचा, वर हळीव पेरायचे, पाऊस आला की ढासळणारा तट सावरायचा. नकाशा बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या राजहंसगडावरून घेतलेला. इंजिन, म्हणजे गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर, युनिटी. चित्रांचं काम गोकाकच्या मित्राकडे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि ती माझ्या कन्नडपेक्षा कितीतरी बरी.

घोळ झाला डेमोच्या आदल्या संध्याकाळी. त्याच्या चित्रांच्या फायली जड. गिटहब, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा, 100 एमबीच्या वरची फाईल घेतच नाही, म्हणून त्यानं सगळं पेनड्राइव्हवरून आणलं, लॅबच्या मशीनवरचा जुना फोल्डर उडवून नवा टाकला. सीन, म्हणजे गेममधलं दृश्य, उघडला तर बुरूज भडक गुलाबी, तट गुलाबी, हळीवसुद्धा गुलाबी. आणि फायली तर सगळ्या जागच्या जागी!

युनिटी प्रत्येक फाईलमागे एक मेटा फाईल ठेवतं, तिच्यात 32 अक्षरांचा आयडी. फाईलचं नाव सीन बघत नाही, आयडी बघतो. मेटा आली नाही की युनिटी नवी बनवतं, आयडी बदलतो, आणि मटेरियल, म्हणजे वस्तूचा रंग-पोत ठरवणारी फाईल, सापडलं नाही की तो गुलाबी रंग फासतं. पेनड्राइव्हवर मेटा नव्हत्या. एवढंच. तेव्हा हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

पण मागून एकजण बोलला, "ह्यानं मुद्दाम केलंय की."

गोकाकच्यानं माउस सोडला. पेनड्राइव्ह काढला. टेबलाखाली वाकून त्याचं टोपण शोधत राहिला, कुणीच हललं नाही. सापडलं नाही. तसाच खिशात घालून गेला.

फायली आणणारा यळ्ळूरचा पोरगा असता, तरी तो मागचा असं बोलला असता का? बरीच वर्षं मी ठणकावून सांगायचे, बोललाच असता, त्याची जीभच तशी. ते खरंच आहे. पण पाऊस किती, बुरूज किती, हे सगळं आमचं चहाच्या गाड्यावर ठरायचं आणि गोकाकच्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. तो होस्टेलला, गाडा आमच्या घरच्या वाटेवर. यात भाषा कुठं आली? नाहीच आली. गाड्यावर सगळे मराठी होते, हेही तितकंच खरं.

डेमो गुलाबी किल्ल्यावरच झाला. तो आला, आपल्या वाटणीचं नीट सांगितलं. परीक्षक त्याच्याशी मध्येच कन्नडमध्ये बोलले, आणि मार्क त्याला आमच्याहून जास्त पडले. काम त्याचं चांगलंच होतं. पण आमच्यातले दोघं त्यावरून अजून कुरकुरतात, आणि तेच दोघं तुम्हाला सांगतात की गेम भाषेवरून फुटला.