सेन्सर चांगलाच होता

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा मागचा ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा) दोनदा बदलून झाला होता. तरी चेक इंजिनचा दिवा लागलेला आणि स्कॅनरवर दोषाचा कोड तोच, पी०१४१. मागच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. काका दोन्ही बिलं पुढे करत म्हणाले, "तिसरा घालायला सांगू नका म्हणजे झालं."

हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हीटरची अर्थ (निगेटिव्ह) बाजू चालू-बंद करतो आणि किती करंट वाहतोय ते मोजतो. करंट कमी पडला की हीटर चाचणीत नापास. पण दिवा लगेच लागत नाही. लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये, म्हणजे गाडी चालू करून, चालवून बंद करण्याच्या दोन फेऱ्यांत, नापास झालं तरच लागतो. गरम इंजिनवर कोड पुसून गाडी दिली की दिवा विझलेला, गिऱ्हाईक खूश, आणि चाचणी अजून झालेलीच नसते. स्कॅनरवर ती अपूर्ण असल्याचं स्वच्छ दिसतं. ते पान कोणी उघडतच नाही, याचा मला संताप येतो.

गाडी थंड झाल्यावर सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढला. सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींत सहा ओहमच्या आसपास, म्हणजे हीटर धडधाकट. हार्नेसकडून, म्हणजे गाडीच्या वायरिंगकडून, सप्लाय साडेबारा व्होल्ट. बहुतेक जण इथेच थांबतात. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर तग धरलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. मी सप्लाय आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. तो लालसर, मरगळलेला पेटला. मीटर थेट आठ व्होल्टवर.

पुढच्या सेन्सरचा हीटर त्याच फ्यूजवर, आणि तो पास होत होता. मग दोष दोन्ही हीटरच्या वायरी वेगळ्या होतात त्या फाट्याच्या पुढे, गाडीच्या पोटाखालीच असणार. तिथली वायर बाहेरून गुळगुळीत, पण नखाने दाबली तर एका जागी मऊ. आवरण चिरलं, आत तांब्याच्या जागी हिरवी पूड. पाणी मुरलेलं.

तेवढा तुकडा बदलला, सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड स्टार्टवर चाचणी पूर्ण, पास, हे बघूनच चावी दिली.

काकांनी काढलेले दोन्ही सेन्सर पिशवीतून आणले होते. मोजले, दोघांचेही हीटर ठीक. "मग याचे पैसे कोण देणार?" त्यांच्यासमोरच आधीच्या गॅरेजला फोन लावला. उत्तर आलं, "कोड सेन्सरचाच होता ना?"