अँझा-बोरेगोचा वसंत: फुलं कुठे, किती वाजता, आणि वाटेत काय सांभाळायचं

कासला जायची सवय असलेल्यांना हे आधी सांगायला हवं. कासला पावसाळा दरवर्षी येतो, म्हणून सप्टेंबरात गेलं की फुलं भेटतातच. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगो वाळवंटात असा भरवसा नाही. हिवाळा लागताना एकदा चांगला भिजपाऊस व्हावा लागतो, साधारण 25 मिमी तरी. बियांच्या सालीत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात, ती त्या पावसाने धुऊन जातात. पुढे फेब्रुवारीपर्यंत अधूनमधून सरी हव्यात आणि रोपं कोवळी असताना गरम वारा सुटायला नको. 2017 आणि 2019 मध्ये हे सगळं जुळून आलं आणि अख्खं खोरं पिवळं-जांभळं झालं. तसं वर्ष नसलं तरी फेरी वाया जात नाही. फक्त उंची आणि वेळ यांचा हिशेब ठेवावा लागतो.

बहर खालून वर चढत जातो. फेब्रुवारीच्या अखेरीस बोरेगो स्प्रिंग्स गावाभोवतीची रेताड जमीन फुलते, मार्चच्या मध्यात दऱ्यांची तोंडं, आणि एप्रिलमध्ये निवडुंग. त्यामुळे खाली सगळं वाळलेलं दिसलं तर गाडी परत वळवू नका, वर जा. याकी वेल साधारण 1,400 फुटांवर आहे आणि प्लम कॅनियन त्याहूनही वर. खालचा हंगाम सरला तरी तिथे बरंच काही उमलत असतं.

सकाळची सुरुवात हेंडरसन कॅनियन रोडवर करा, तीही उजाडताच. ड्यून प्रिमरोजची पांढरी, तळहाताएवढी फुलं संध्याकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटून लोळागोळा होतात. दहा वाजता पोहोचणाऱ्यांना नुसती गुलाबी पडलेली चुरगळ दिसते. वाळूवर पसरलेली जांभळी सँड व्हर्बिना आणि पिवळी वाळवंटी सूर्यफुलं मात्र दिवसभर टिकतात. दुपारी वारा सुटतो, त्यामुळे फोटोही सकाळीच उरकून घ्यावेत. गाडी उभी करताना चारही चाकं कडेच्या टणक पट्ट्यावर ठेवा. पट्ट्यापलीकडची वाळू भुसभुशीत असते आणि साधी गाडी तिथे हमखास रुतते. फोटोसाठी फुलांच्या मधोमध जाऊन बसू नका. ही रोपं एकाच हंगामाची आहेत, आणि बी धरण्याआधी तुडवली गेली तर पुढच्या चांगल्या पावसात त्या जागी उगवायला काहीच उरत नाही.

याच रस्त्यावर पायाखाली नीट बघत चाला. बोटाएवढ्या जाड, हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या, शेपटीशी शिंग असलेल्या अळ्या रस्ता ओलांडताना दिसतील. स्फिंक्स पतंगाच्या या अळ्या प्रिमरोज आणि व्हर्बिनाचं शेत काही दिवसांत फस्त करतात, आणि काल जिथे फुलं होती तिथे आज नुसत्या काड्या का, याचं उत्तर बहुधा त्याच असतात. त्यांचा राग मात्र धरू नये. अर्जेंटिनाहून उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन ससाणे फेब्रुवारी ते एप्रिल या खोऱ्यात मुक्काम करतात आणि याच अळ्यांवर पोट भरतात. ऊन तापू लागलं की ते घिरट्या घालत वर चढतात. साडेआठ-नऊच्या सुमारास दुर्बीण हाताशी ठेवा. 8 × 42 ची पुरते.

मुख्य पायवाट बोरेगो पाम कॅनियनची. कॅम्पग्राउंडपासून ताडांच्या झुंडीपर्यंत जाऊन-येऊन जेमतेम तीन मैल (पाच किमी), चढही फारसा नाही, तरी तीन तास हाताशी ठेवावेत, कारण इथे घाई केली की काहीच दिसत नाही. 2004 च्या पुराने आणि जानेवारी 2020 च्या आगीने ताडांचं मोठं नुकसान केलं, त्यामुळे जुने फोटो मनात धरून जाऊ नका. बिगहॉर्न मेंढ्या पाहायची उत्तम जागा मात्र आजही हीच. त्यांचा रंग अगदी खडकासारखा असतो. म्हणून आधी कान द्या, वरून खडे घरंगळल्याचा आवाज आला की थांबा आणि उतारावर शिंगांची गोलाई शोधा. या भागातल्या बिगहॉर्न मेंढ्या 1998 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत. त्यांच्या आणि झऱ्याच्या मध्ये उभं राहू नका, नाहीतर त्या पाणी न पिताच परत फिरतात.

लाल नळीच्या फुलांचं चुपारोसा झुडूप दिसलं तर त्याच्यापाशी दहा मिनिटं गप्प बसा. कोस्टाचा गुंजन पक्षी त्यावर येतोच, आणि नराच्या गळ्यावरचा जांभळा रंग योग्य उजेडात मिशांसारखा दोन्हीकडे लांबलेला दिसतो.

दगडगोट्यांच्या उतारावर घोस्ट फ्लॉवर शोधा. फिकट, जवळजवळ पारदर्शक पाकळ्या आणि आत तांबूस ठिपके. या फुलात मध नसतोच. ते शेजारी उगवणाऱ्या सँड ब्लेझिंग स्टारसारखं दिसतं, आणि आतला मोठा डाग मादी मधमाशीसारखा भासतो. नर फसून आत शिरतो आणि परागकण घेऊन बाहेर पडतो. हे बघायला 10× चं भिंग न्या आणि गुडघ्याखाली घ्यायला जाड चटई, कारण खाली सगळीकडे काटे असतात.

चोया निवडुंगाचा गोळा अंगाला लागला तर हाताने ओढू नका, तो हातालाच चिकटतो. मोठ्या दातांचा कंगवा खालून सरकवून झटक्यात उडवा आणि उरलेले काटे चिमट्याने काढा. जांभळ्या फुलांच्या फॅसिलिया या रोपाला हात लावू नका, तिच्या लवेने अंगावर पुरळ उठतं. मार्चपासून खडखड्या साप बाहेर पडतात, तेव्हा दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही. पाणी माणशी किमान चार लिटर, आणि अर्धं संपलं की मागे फिरायचं. मार्चमध्येही दुपारी तापमान 30 अंशांच्या वर जाऊ शकतं.

कुत्र्यांना पायवाटांवर परवानगी नाही, फुलं तोडायलाही नाही. पेट्रोल रॅमोनासारख्या आधीच्या गावातच भरा, नकाशे आधीच डाउनलोड करा, कारण दऱ्यांत नेटवर्क मिळत नाही. बहराच्या वर्षी शनिवार-रविवारी गावात खायलासुद्धा रांगा लागतात, म्हणून डबा बरोबर ठेवा आणि जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कच्या व्हिजिटर सेंटरला फोन करून कुठल्या दरीत सध्या काय उमललंय ते विचारून घ्या. आठवडाभरापूर्वीच्या फोटोंवर विसंबू नका, तोवर अळ्या तिथून जाऊन आलेल्या असू शकतात.