ओरिजनल का डुप्लिकेट?

पुण्यात सहकारनगरला आमच्या घराच्या पोर्चमध्ये १९७१ सालची फियाट डिलाइट उभी आहे. उभी म्हणजे चार लाकडी ठोकळ्यांवर. चाकं जिन्याखाली, सीटा गच्चीवरच्या खोलीत. कार्ब्युरेटर तर मागचा अख्खा पावसाळा तांदळाच्या डब्यात होता, ओल लागू नये म्हणून. बायकोला ते कळलं त्या दिवशी तो डब्याबाहेर आला आणि मी घराबाहेर जाता जाता राहिलो.

अकरा वर्षं झाली. शेजारचे काका सकाळी फिरून येताना विचारायचे, "झाली का?" हल्ली विचारतात, "आहे का अजून?"

गाडी बाबांची. ते गेल्यावर विकायची ठरली होती. भंगारवाला आला, त्यानं बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि किलोचा भाव सांगितला. बाबांच्या गाडीला किलोचा भाव! मी त्याला चहा पाजून परत पाठवला. त्या वेळी मला दहा-अकराचा पाना आणि बारा-तेराचा पाना शेजारी ठेवले तरी फरक कळत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मग नाना पेठेच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काहीही मागा, पहिला प्रश्न एकच: "ओरिजनल हवंय का डुप्लिकेट?" सुरुवातीला मी छाती काढून "ओरिजनल!" म्हणायचो. पुढं पुढं जे आहे ते घ्यायला लागलो. डिलाइटचंच नाव बदलत बदलत पुढं पद्मिनी झालं, इंजिन तेच १०८९ सीसीचं. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी भरपूर होत्या, तोवर गॅस्केट म्हणा, क्लचप्लेट म्हणा, मागितलं की काउंटरवर. टॅक्स्या कमी होत गेल्या तसा मालही आटला, आणि २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनीही गेल्या. आता दुकानदार म्हणतात, "बघून सांगतो." पुण्यात 'बघून सांगतो' म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगायला नको.

पोर्चच्या भिंतीवर खडूनं १-३-४-२ असं लिहिलेलं आहे. हा सिलिंडर पेटण्याचा क्रम. पहिल्या वर्षी मी प्लगच्या वायरी शाळेत शिकवल्याप्रमाणे एक-दोन-तीन-चार अशा लावल्या होत्या. स्टार्टर मारल्यावर जो बार उडाला, त्यानं समोरच्यांचं कुत्रं दिवसभर कॉटखालून बाहेर आलं नाही. आई आतून म्हणाली, "दिवाळीला अवकाश आहे रे अजून!"

खरी भांडणं रंगावरून. मूळ रंग कोणता? आई म्हणे पिस्ता. दादा म्हणे आकाशी. फोटो आहेत, पण सगळे कृष्णधवल. शेवटी डाव्या दाराच्या कडेला पाणी लावून पॉलिश पेपरनं घासत बसलो. आधी निघाला मरून, तो दादाच्या लग्नाच्या वेळचा. त्याखाली पांढरा, मग लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर (वाड्याच्या दिंडी दरवाजाला घासली होती, ती बहुतेक), मग एक फिका, धड हिरवा नाही, धड निळा नाही असा, आणि त्याखाली तांबडा प्रायमर. रुपयाएवढ्या जागेत घराची सगळी पंचांगं. स्पीडोमीटर काढल्यावर मागच्या पत्र्यावर, जिथं कुणाचा ब्रश पोचला नव्हता तिथं, तोच फिका रंग सापडला. दोघांना बोलावून दाखवला. आई म्हणाली, "बघ, पिस्ता!" दादा म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, आकाशी?"

ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा सडून गेला होता आणि त्यावर चार रिबिटांनी एक चौकोनी तुकडा ठोकलेला होता. काढून उलटा केला, तर त्यावर अर्धं नारळाचं झाड. डालड्याचा डबा! मग आठवलं, पावसात कात्रजचा घाट चढताना खालून पाणी उडायचं म्हणून बाबा एकाच पायात गमबूट घालायचे. त्यानंतर कधीतरी त्यांनी स्वतःच हा तुकडा मारला असणार. डेंटिंगवाल्यानं नवा पत्रा वेल्ड केला आणि जुना तुकडा कोपऱ्यात फेकला. मी तो उचलून त्याच जागी परत ठोकून मागितला. "साहेब, डुप्लिकेट काम आहे ते." म्हटलं, "हेच ओरिजनल." त्यानं मजुरी वेगळी लावली.

पन्नाशी ओलांडल्यामुळं गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. २०२१पासून तसा नियम आहे: नव्या नोंदणीला फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं; आधी नोंदलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. अट अशी की रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा कामांसाठीच रस्त्यावर. दुरुस्तीसाठी चालत असेल, तर आमच्या गाडीला रोजचाच परवाना झाला. शिवाय गाडी मूळ रूपात हवी. डालड्याचं काय करायचं, ते त्यात लिहिलेलं नाही.

गेल्या रविवारी बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगली, चोक ओढला आणि इंजिन चालू झालं. एका लयीत, न खोकता. आई हातात पिशवी घेऊन बाहेर आली.

"मंडईपर्यंत तरी ने."

"आई, चाकं कुठायत?"

तिनं वाकून ठोकळे बघितले.

"मग बंद कर की. पेट्रोल फुकट येतं का?"