कॅन्सल कुणी केलं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, मी मुरुडला (दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे) अख्खा बंगला बुक केला. चार खोल्या, २५ ते २८ डिसेंबर, रात्रीला १२,००० रुपये. ३६,००० चे निम्मे तेव्हाच जीपे केले. माणसं अकरा, त्यात सासूबाई ८२ वर्षांच्या, म्हणून खालची खोली त्यांची, हेही मेसेजवर लिहून घेतलं.

८ डिसेंबरला कुकर लावलेला असताना मालकांचा फोन. "ताई, रेट जरा वाढलाय. साडेसोळा. सीझन आहे, शिवाय जीएसटी वाढला."

जीएसटी वाढला! खोलीमागं तीन हजार पडत होते. साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, माझ्या बुकिंगच्याही आधी. मी म्हटलं, "तुमचा जीएसटी नंबर पाठवा." पलीकडे खोकला आला. "ते राहू द्या ताई. पण जुन्या रेटनं नाही परवडत. नाहीतर तुम्ही कॅन्सल करा. चार्ज पन्नास टक्के."

पन्नास टक्के कशाचे, तर एकूण रकमेचे. म्हणजे १८,००० रुपये. म्हणजे माझा सगळा ॲडव्हान्स.

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. फळ्यावर वाक्य लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला : कर्ता कोण? "तुम्ही कॅन्सल करा" यातच सगळी गोम होती. बुकिंग मोडत होते ते, पण कर्ता मी व्हायला हवी होते. पुढचे तीन दिवस मेसेज सुरू. "मग कॅन्सल करू ना?" "ताई, कन्फर्म करा." "फक्त येस लिहा." घरात मी ताकीद दिली, कुणीही अंगठासुद्धा पाठवायचा नाही. आमच्या ह्यांना दिसेल त्या मेसेजला अंगठा द्यायची खोड आहे, निधनाच्या बातमीलाही देतात.

माझं उत्तर रोज तेच : "ठरलेल्या दरानं आमचं बुकिंग कायम आहे. २५ ला दुपारी पोचतो. बंगला देणार नसाल तर तसं लिहून कळवा आणि १८,००० परत करा."

मध्ये १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे ऐकून तक्रार नोंदवली, नंबर दिला. तो नंबर वर टाकून मालकांना स्पीड पोस्टानं पत्र धाडलं. झालेल्या नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड लावणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करारा'त मोडते, हे लिहिलं. नाताळात समुद्राजवळचा बंगला रिकामा राहणार होता थोडाच, मग नुकसान कसलं? पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही, हेही लिहिलं. पण खरा परिणाम झाला तो शेवटच्या ओळीचा. नव्या कायद्यानुसार तक्रार मी राहते तिथं, पुण्यात करता येते. मी रत्नागिरीला खेटे घालणार नव्हते, त्यांना ताम्हिणी घाट चढून यावं लागलं असतं.

१३ तारखेला दहा हजार आले. "सेटल करू ताई, तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या." मी लिहिलं, "आठ बाकी." १७ ला तेही आले, सोबत नोट : 'कस्टमर कॅन्सल'. मी तेवढ्यावरही कळवलं, "पैसे मिळाले. कर्ता चुकला."

आता आठवड्यावर आलेल्या सुट्टीत काय मिळणार? आंजर्ल्याला एका घरगुती ठिकाणी दोन खोल्या आणि पडवी मिळाली. पुरुषमंडळी कासवछाप लावून पडवीत झोपली. सासूबाईंना कड्यावरचा गणपती घडला, खोलीही खालचीच मिळाली, पण न्हाणीघर मागच्या अंगणात होतं. त्याबद्दल मी अजून ऐकतेय.